वराडकरांना निवडले कोणी?

२ जून २०१७ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये फिना गेल पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आपल्याकडच्या बातम्यांत मालवण तालुक्यातले वराड गाव झळकले. डॉ. अशोक वराडकर यांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान होणार होता. तिकडे त्या पदाला ‘टीशक’ म्हणतात. वय अवघे ३८, त्या देशाला इतका तरुण पंतप्रधान तोवर मिळाला नव्हता. वडील मुंबईहून इंग्लंडला गेलेले डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनची परिचारिका. दोघांची ओळख इंग्लंडातल्या स्लाउ या गावी झाली. लिओ स्वतःही डॉक्टर. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी जानेवारी २०१५ मध्ये रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकले होते. अशा माणसाला एका कॅथलिक परंपरेच्या देशाने सर्वोच्च सत्तापद दिले, याचे कौतुक जगभर झाले. आपल्याकडे ते जास्तच झाले. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ते आईवडील, बहिणी आणि भाचरांसह वराडला येऊन गेले, तेव्हा गावाने त्यांचे मनापासून स्वागत केले.

या आनंदात गैर काहीच नाही. पण त्या कौतुकात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. वराडकरांना निवडले कोणी, आणि कसे? रक्ताचे नाते सांगायला सगळे पुढे आले, निवडीची रीत मात्र कोणी फारशी सांगितली नाही. मला ती रीत जास्त मोलाची वाटते, कारण आपल्या राजकारणातून नेमकी तीच नाहीशी झाली आहे आणि तिच्या अभावाची किंमत महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत मोजली आहे.

त्या निकालाचे आकडे आधी पाहू. तेव्हाचे पंतप्रधान आणि पक्षनेते एन्डा केनी पायउतार होणार हे ठरल्यावर दोन उमेदवार उभे राहिले, लिओ वराडकर आणि कॉर्कचे सायमन कोव्हनी. पक्षाच्या नियमांनुसार मतदार तीन प्रकारचे होते. संसदेतल्या सदस्यांच्या मतांना ६५ टक्के वजन, साध्या सभासदांच्या मतांना २५ टक्के आणि नगरसेवकांच्या मतांना १० टक्के. मतदानाआधी दोघांनी देशात चार ठिकाणी सभासदांसमोर जाहीर वाद घातले, एकमेकांची धोरणे खोडून काढली. मग मते मोजली गेली. संसदीय पक्षातल्या ७३ जणांपैकी ५१ वराडकरांकडे, २२ कोव्हनींकडे. नगरसेवकांत १२३ विरुद्ध १००, तेही वराडकरांच्या बाजूने. साध्या सभासदांत मात्र चित्र पार उलटे होते. कोव्हनींना ७,०५१ मते, वराडकरांना ३,७७२. सगळे वजन धरून वराडकर ६० विरुद्ध ४० टक्क्यांनी जिंकले.

म्हणजे गावोगावच्या कार्यकर्त्याने ज्याला जवळपास दुप्पट मते दिली, तो हरला. पक्षाने हे आकडे लपवले नाहीत. नव्या नेत्याच्या पहिल्याच दिवशी साऱ्या देशाला कळले की याला सभासदांत बहुमत नाही. आपल्याकडे एखाद्या पक्षाने अशी यादी जाहीर केल्याची कल्पना करून पाहावी. कोणत्या आमदारांनी नव्हे, निदान किती आमदारांनी होकार दिला आणि किती जणांना दुसरा माणूस हवा होता, एवढे तरी आपल्याला शेवटचे कधी कळले? आपल्याला कळते ते एकच, की निवड ‘एकमताने’ झाली.

आयर्लंडने वराडकरांना निवडले ते तिथल्या लोकांचे मन मोठे म्हणून, असा एक सोपा खुलासा नेहमी दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. ११ जून २००४ रोजी तिथे स्थानिक निवडणुका झाल्या. आदल्या वर्षी नगरसेवकाच्या रिकाम्या जागेवर नेमले गेलेले, १९९९ मध्ये याच पातळीवर हरलेले पंचविशीतले वराडकर त्या दिवशी पहिल्या पसंतीची देशात सर्वांत जास्त मते घेऊन निवडून आले. त्याच दिवशी एक सार्वमतही झाले. आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व देणारा हक्क काढून घ्यावा का, असा प्रश्न होता आणि सुमारे ७९ टक्के मतदारांनी ‘काढा’ असे उत्तर दिले. एका भारतीय स्थलांतरिताच्या मुलाला भरभरून मते आणि स्थलांतरितांच्या मुलांच्या हक्काला कात्री, दोन्ही गोष्टी एकाच मतदान केंद्रात घडल्या. स्वतः वराडकरही या बाबतीत काही संत नव्हते. २००८ मध्ये, मंदी सुरू झाली तेव्हा, बेकार झालेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकरकमी देऊन मायदेशी पाठवावे, अशी सूचना त्यांनीच केली होती. स्थलांतरित बापाच्या मुलाने असे बोलावे याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हा मनाच्या मोठेपणावर सगळे श्रेय टाकून चालणार नाही. लोक जसे सगळीकडे असतात तसेच तिथेही आहेत. फरक पडला तो माणूस वर चढण्याच्या जिन्यात, आणि तो जिना पक्षाच्या आत असतो.

या जिन्याची खरी परीक्षा २०१७ मध्ये नव्हे, २०१० मध्ये झाली. त्या वर्षी जून महिन्यात फिना गेल विरोधी पक्षात होता. सत्ताधारी बदनाम झाले होते, तरी जनमत चाचण्यांत केनींचा पक्ष मागे पडत होता. तेव्हा पक्षाचे उपनेते रिचर्ड ब्रुटन यांनी केनींना उघड आव्हान दिले. पहिल्या बाकावरच्या अनेक सहकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले की आमचा केनींवर विश्वास नाही. त्यांत तिशीतले वराडकर होते आणि कोव्हनीही होते. प्रकरण चार-सहा दिवस चालले. कोणी आमदारांना विमानात घालून दुसऱ्या राज्यात नेले नाही, कोणी हॉटेलच्या दाराशी पहारे बसवले नाहीत. संसदीय पक्षाची बैठक झाली, गुप्त मतदान झाले, केनी जिंकले आणि बंड संपले.

त्यापुढचे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. बंडखोरांपैकी कोणाला पक्षातून हाकलले नाही. वराडकरांचे खाते बदलले, पुन्हा काम दिले गेले. नऊ महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये, फिना गेल सत्तेत आला तेव्हा केनींच्या मंत्रिमंडळात ब्रुटन रोजगार खात्याचे मंत्री झाले, कोव्हनी शेती खात्याचे आणि वराडकर वाहतूक, पर्यटन व क्रीडा खात्याचे. पुढे वराडकरांकडे आरोग्य आणि नंतर सामाजिक सुरक्षा ही खाती आली. सहा वर्षांनी केनींच्या जागेसाठी जे दोघे उभे राहिले ते दोघेही २०१० चे बंडखोर होते. मोठ्या मनाने माफ केले म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. केनी मुरलेले राजकारणी होते. मतदान झाले होते, निकाल लागला होता आणि हरलेल्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला होता, म्हणून ते शक्य झाले. मत मोजले की राग उरतो, पण भांडणाला पुढे चालवायला कारण उरत नाही. २०१७ मध्ये वराडकरांनीही तेच केले. हरलेल्या कोव्हनींना उपनेता केले, परराष्ट्र खाते दिले आणि त्याच वर्षी उपपंतप्रधानही केले.

आता आपल्याकडे पाहू. विधिमंडळ पक्षाची बैठक बोलावली जाते. दिल्लीहून निरीक्षक येतात. काँग्रेसमध्ये एका ओळीचा ठराव करून सर्वाधिकार श्रेष्ठींना दिले जातात, भाजपमध्ये संसदीय मंडळाने ठरवलेले नाव निरीक्षक सांगतात आणि टाळ्या पडतात. प्रादेशिक पक्षांत तर बैठकीचीही फार गरज पडत नाही, नाव घरातच ठरते. जानेवारी १९८२ मध्ये बाबासाहेब भोसले यांचे नाव आले तेव्हा खुद्द राज्यातल्या काँग्रेसजनांना धक्का बसला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले, तेव्हा ते विधानसभेचे सदस्यही नव्हते. त्यांपैकी कोण चांगला, कोण वाईट हा मुद्दाच नाही. पृथ्वीराज चव्हाणांची स्वच्छ प्रतिमा कोणी नाकारत नाही. मुद्दा असा की ज्यांच्या जोरावर सरकार टिकायचे, त्या आमदारांना कोणी विचारले नाही. ज्याला विचारले नाही, त्याची निष्ठा गृहीत धरता येत नाही.

त्यात आपण पक्षांतरबंदीचा कायदा आणून ठेवला. दहाव्या परिशिष्टानुसार सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिले की आमदारकी जाते. आयर्लंडमध्येही पक्षादेश असतो आणि तो कडक असतो. जुलै २०१३ मध्ये ल्युसिंडा क्रेटन या मंत्री असलेल्या बाईंनी गर्भपातविषयक विधेयकाला सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने विरोध केला, तेव्हा त्यांचे मंत्रिपद गेले आणि त्या संसदीय पक्षाबाहेर झाल्या. पण त्यांची खासदारकी राहिली. ती त्यांना मतदारांनी दिली होती, पक्षाने नव्हे. आपल्याकडे एकट्या आमदाराला असे काही करण्याची सोय नाही. एक-तृतीयांश सदस्य फुटले तर चालेल, ही जुनी पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद केली. ती बंद करण्यामागचा हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला की नाराज आमदाराला दोनच रस्ते उरले. एक तर तोंड मिटून बसायचे, नाही तर अख्खा पक्षच पळवायचा.

जून २०२२ मध्ये आपण दुसरा रस्ता पाहिला. आधी सुरत, मग गुवाहाटी, शेवटी शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार. बैठकीला आले नाहीत म्हणून सोळा जणांविरुद्ध अपात्रतेचे अर्ज, त्यावर सर्वोच्च न्यायालय, निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीत तेच. कोणाची बाजू न्याय्य होती, यावर लोकांनी घसा कोरडा होईपर्यंत वाद घातले. पैसा, तपास यंत्रणा, दिल्लीचा हात, या सगळ्यांची भूमिका होती असे मानणारे अनेक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. पण बाहेरचा हात आत शिरायला भिंतीत भेग लागते. पक्षनेतृत्वाबद्दलची नाराजी मोजायची जागा पक्षातच असती, दर दोन-तीन वर्षांनी गुप्त मतदान झाले असते, तर ती नाराजी किती खरी आणि किती फूस लावलेली, हे तरी उघड झाले असते. आपल्याकडे पक्षातली फूट हेच नेतानिवडीचे मतदान होऊन बसले आहे.

निवडणूक आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निर्णय आठवावा. पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देताना आयोगाने म्हटले की पक्षाच्या घटनेत २०१८ मध्ये केलेले बदल आयोगाला कळवलेलेच नाहीत, आणि निवडणूक न घेता पदाधिकारी नेमण्याची पद्धत लोकशाहीची नाही. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनीही निर्णय देताना १९९९ चीच पक्षघटना ग्राह्य धरली. लाखो लोकांनी ज्या पक्षासाठी आयुष्ये वेचली त्याची खरी घटना कोणती, हे ठरवायला सरकारी कार्यालयातले कागद शोधावे लागले. निकाल चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी दोन्ही निर्णयांना टेकू मिळाला तो पक्षांतर्गत निवडणुकीच्या अभावाचाच. ठाकरे गटाला हे लागले म्हणून इतर पक्षांनी हसण्याचे कारण नाही. उद्या त्यांच्यापैकी कोणावरही ही वेळ येऊ शकते.

आणखी एक तुलना मला टाळता येत नाही, कारण ती तारखांनीच समोर आणून ठेवली आहे. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निकालानंतर भाजप आणि शिवसेना यांची युती तुटली ती अडीच-अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदावरून. एका बाजूचे म्हणणे, बंद दाराआड शब्द दिला होता. दुसरीचे म्हणणे, असा शब्द दिलाच नव्हता. कागद नव्हता, साक्षीदार नव्हते, पक्षाच्या कोणत्याही सभेने त्यावर मत दिले नव्हते. त्यातून २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी झाला, सर्वोच्च न्यायालयाला बहुमत चाचणीचा आदेश द्यावा लागला आणि चाचणीआधीच ते सरकार पडले.

वराडकर वराडला आले ते त्यानंतर महिन्याभराने. ते परत गेल्यावर ८ फेब्रुवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये निवडणूक झाली आणि त्यांचा पक्ष १६० पैकी ३५ जागा घेऊन तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्यांच्या स्वतःच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात सिन फेनचा उमेदवार पहिल्याच फेरीत निवडून आला, पंतप्रधानांना पाचव्या फेरीपर्यंत थांबावे लागले. तिथे मतदान आपल्या विधान परिषदेसारखे पसंतीक्रमाने होते. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडायचे, कोटा ठरवायचा, जास्तीची मते आणि बाद झालेल्यांची मते पुढच्या पसंतीला वळवायची. मतपत्रिका कागदी. मोठ्या सभागृहात टेबलांवर त्या उघडून लावल्या जातात आणि कठड्याच्या अलीकडे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते हातात फळी आणि पेन घेऊन वाकून उभे असतात. प्रत्येक मतपत्रिका उलगडताना दिसेल तशी आपल्या तक्त्यावर खूण करत जातात आणि आपले आकडे एकमेकांना देतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याआधी सगळ्यांनाच निकालाचा अंदाज आलेला असतो. देशाचा पंतप्रधान त्या सभागृहात येऊन, आपली मते कमी पडली आहेत हे सर्वांदेखत ऐकून, पुढच्या फेरीची वाट पाहतो. मत म्हणजे सर्वांसमक्ष मोजायची वस्तू, ही सवय तिथे खालपासून आहे. पक्षाच्या बैठकीत ती सवय अचानक कोठून येत नाही.

कोणालाच बहुमत नव्हते. २० फेब्रुवारीला नव्या संसदेत चार नावे मताला टाकली आणि चारही नापास झाली. वराडकरांनी राष्ट्रपतींकडे राजीनामा दिला आणि हंगामी म्हणून चार महिने काम पाहिले. याच काळात करोना आला आणि त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी करून आठवड्यातून एक पाळी सेवा दिली. आयर्लंडच्या राज्यघटनेत क्रम स्पष्ट आहे. आधी कनिष्ठ सभागृह नाव मंजूर करणार, मग राष्ट्रपती नेमणूक करणार. आपल्याकडे आधी राज्यपाल शपथ देतात आणि बहुमत नंतर शोधले जाते. पहाटेच्या शपथविधीला जागा मिळाली ती या उलट्या क्रमामुळे.

जूनमध्ये करार झाला. ज्या दोन पक्षांचे वैर १९२२-२३ च्या यादवी युद्धापासूनचे, त्या फिआना फॉल आणि फिना गेल यांनी ग्रीन पक्षाला घेऊन एकत्र सरकार करायचे ठरवले. निम्मा काळ फिआना फॉलचे मीहॉल मार्टिन पंतप्रधान, निम्मा काळ वराडकर. अडीच-अडीच वर्षेच म्हणा ना. पण हे कागदावर लिहिले, छापले, आणि तिन्ही पक्षांनी आपापल्या पक्षात मताला टाकले. फिआना फॉलच्या ७४ टक्के सभासदांनी होकार दिला, ग्रीन पक्षाच्या ७६ टक्के. फिना गेलमध्ये होकार ८० टक्के होता. १७ डिसेंबर २०२२ रोजी, शनिवारी, मार्टिन यांनी राजीनामा दिला, सभागृहाने वराडकरांच्या बाजूने ८७ विरुद्ध ६२ मते दिली आणि खुर्ची बदलली. मार्टिन उपपंतप्रधान झाले. आपल्याकडे ज्या एका मुद्द्यावर तीस वर्षांची युती मोडली, राज्यात पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले आणि दोन पक्ष दुभंगले, तोच मुद्दा शंभर वर्षांच्या वैऱ्यांनी असा निभावला.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे वराडकर फार मोठे पंतप्रधान होते का? मला तसे वाटत नाही. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के मतांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठली, त्यात त्यांच्या सरकारचा वाटा मोठा आहे आणि तो गर्भपात नाकारला गेल्यावर आयर्लंडमध्ये मरण पावलेल्या भारतीय दंतवैद्य सविता हलप्पनवार यांच्या प्रकरणाच्या वेदनेतून आलेला होता. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या येऊ नयेत, यासाठी ते ठाम राहिले. पण घरांच्या प्रश्नात त्यांचे अपयश ठसठशीत आहे. ते सत्तेवर आले तेव्हा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे बेघर सरकारी मोजणीनुसार आठ हजारांच्या आसपास होते, ते पायउतार झाले तेव्हा १३ हजारांहून जास्त. देशाच्या तिजोरीत शिल्लक असताना हे झाले. एका मित्राला सरकारी कराराचा मसुदा दिल्याच्या प्रकरणात त्यांची पोलीस चौकशीही झाली. खटला भरला गेला नाही, पण डाग लागलाच. आणि एकाही सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी पक्षाला पहिल्या क्रमांकावर आणले नाही. दोन्ही वेळा पद मिळाले ते पक्षाच्या आणि सभागृहाच्या मतदानातून. पक्षांतर्गत मतदान चांगला नेता देईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. खासदारांना ६५ टक्के वजन देणे योग्य होते का, यावरही वाद होऊ शकतो. माझ्या मते साध्या सभासदाचे मत इतके हलके ठेवू नये. 

मतदानातून मिळते ती नेता बदलण्याची सोय. ८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरातल्या शुश्रूषेचे काम यांविषयी दोन सार्वमते झाली आणि दोन्ही सरकारच्या विरोधात गेली. पहिल्यात सुमारे ६८ टक्के विरोध, दुसऱ्यात सुमारे ७४ टक्के. बारा दिवसांनी वराडकर सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले की या पदासाठी आता मी सर्वांत योग्य माणूस उरलेलो नाही. कारणे वैयक्तिकही आहेत, राजकीयही. वय ४५, हातात बहुमत, पक्षात कोणी आव्हान दिलेले नव्हते. तीन आठवड्यांत सायमन हॅरिस पंतप्रधान झाले. हॅरिस यांची निवड बिनविरोध झाली, सात वर्षांपूर्वीसारखी चुरस या वेळी झाली नाही. मला ते खटकले. पण उमेदवारी अर्जाची मुदत होती, कोणालाही अर्ज भरता येत होता आणि कोणी भरला नाही, हे सर्वांना दिसत होते. ज्या पक्षात नेता मतदानाने येतो, तिथे तो गेल्यावर पक्ष कोसळत नाही, म्हणून त्याला जाणेही सोपे जाते. आपल्याकडे नेत्याने पद सोडणे म्हणजे घराणे, चिन्ह, निधी, कार्यालय आणि पन्नास लोकांचे भवितव्य एकदम पणाला लागणे. मग तो सोडेल कसा?

यावर हमखास येणारे उत्तर असे, की हे सगळे युरोपात चालते, आपल्या मातीत नाही. हे उत्तर मला मान्य नाही, कारण आपल्याच मातीत ते चाललेले आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री निवडायचा होता. काँग्रेस विधिमंडळ पक्षात यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे समोरासमोर उभे राहिले. मते मोजली. चव्हाणांना ३३३, हिऱ्यांना १११. महाराष्ट्र ज्या यशवंतरावांना आजही शिल्पकार म्हणतो ते सत्तेवर आले ते या मोजलेल्या मतांनी, आणि हिऱ्यांच्या मागे १११ माणसे होती हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर काँग्रेस संसदीय पक्षात इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते पडली. पुढच्याच वर्षी मोरारजी उपपंतप्रधान झाले. हे २०१७ च्या डब्लिनपेक्षा फार वेगळे नाही. १९६९ नंतर ही रीत मोडत गेली आणि मग सगळ्याच पक्षांनी तिची मोडतोड आपल्या सोयीची मानली. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी मतदान घेतले, खर्गेंना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते मिळाली, आकडे जाहीर झाले. आकाश कोसळले नाही. थरूर पुढे कार्यकारिणीतही घेतले गेले. मुख्यमंत्री निवडताना मात्र तोच पक्ष एका ओळीच्या ठरावावर परत येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गुप्त मतदान ठेवले तर घोडेबाजार होईल, आमदारांना विकत घेतले जाईल. विधान परिषदेच्या निवडणुकीत फुटलेल्या मतांच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला ही भीती वाटणारच. पण आज मतदान नाही म्हणून बाजार थांबला आहे का? उलट भाव वाढला आहे, कारण आज घेणाऱ्याला एक मत नव्हे, दोन-तृतीयांश पक्ष घ्यावा लागतो, आणि देणाऱ्याला आमदारकीचा धोका पत्करावा लागतो. शिवाय पक्षाच्या बैठकीतले मत सभागृहातले मत नसते. पक्षादेश लागू होतो तो सभागृहात. विधिमंडळ पक्षाने आपला नेता गुप्त मतदानाने निवडायचा आणि कोणाला किती मते पडली ते बाहेर येऊन सांगायचे, याला दहावे परिशिष्ट कोठेही आड येत नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदा नको, आयोगाची परवानगी नको. एक खोली, एक पेटी आणि श्रेष्ठींची तयारी लागते. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, तुम्हाला बहुमत मिळाले तर मुख्यमंत्री कोण हे विचारण्याबरोबरच, तो तुम्ही मतदानाने निवडणार का आणि आकडे सांगणार का, हेही आपण विचारू शकतो. सभांमध्ये, मुलाखतींत, जाहीरनाम्याच्या पत्रकार परिषदेत हा प्रश्न अजून कोणी लावून धरलेला मला दिसलेला नाही.